तिचा नवरा भगत आहे

अंजूरच्या केसरीनाथ भाऊंच्या घरात त्या शुक्रवारी सकाळी सगळ्यांना एकच घोर होता. रविवारपर्यंत मैदान पुरं होतं की नाही?

मैदान म्हणजे घरामागच्या परसातलं टेनिसचं मैदान, आणि तेही हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताचं! २००९ साल होतं ते. अंजूरपासून राहनाळपर्यंतच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली होती आणि ज्यांच्या जमिनी होत्या त्यांच्या दारात गाड्या आल्या होत्या. भाऊंची राहनाळला तीन गोदामं भाड्याने होती. एकाने घरावर संगमरवरी हत्ती बसवले, दुसऱ्याने परसात पोहण्याचा हौद बांधला. मग भाऊंनी मागे का राहावं? पूर्वी नावाची त्यांची नात ठाण्याच्या शाळेत टेनिस शिकत होती. भाऊंनी ठरवलं, नातीला घरच्या घरी मैदान करून द्यायचं. लोक बघायला येतील ते वेगळंच.

या परसात एके काळी खळं होतं. भात झोडायचं, पेंढ्याची उडवी रचायची, ती इथंच. आता खळ्यावर सिमेंटचा कोबा झाला होता, चारी बाजूंनी जाळी लागली होती आणि फक्त गवताचे रोल अंथरायचे राहिले होते. हे रोल पावसाळ्याच्या आधीपासून राहनाळच्या एका गोदामामागे ताडपत्रीखाली पडून होते. गुरुवारी संध्याकाळी ते टेम्पोने येऊन जाळीपाशी रचले गेले. मितेश नावाच्या तरुण ठेकेदाराने काम घेतलं होतं आणि वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरून आठ मजूर आणले होते. त्यांत बायडी होती.

बायडी पस्तिशीची असेल. तिचा नवरा जान्या आणि ती, दोघं दरवर्षी भाऊंच्या शेतावर भातकापणीला यायचे. शेतं गेली आणि कापणीही गेली. आता मिळेल ते काम. जान्या तापाने पाड्यावरच पडला होता, म्हणून ती भाचीला, सोनलला सोबत घेऊन एकटी आली होती. येताना बायडीने एक काठी आणली होती, हातभर लांबीची, धरून धरून गुळगुळीत झालेली. कोणताही भारा उचलायच्या आधी त्याला दोन-चार काठ्या मारायच्या आणि मगच हात घालायचा, ही तिच्या हाताला लागलेली सवय होती. पेंढ्यात काय दडून बसेल याचा नेम नसतो. खळ्यावर वाढलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. भाऊंनाही होतं, लहानपणी तशीच काठी त्यांच्याही हातात असायची.

साडेदहाच्या सुमारास बायडीने पहिल्या रोलला काठी मारली. मितेश धावतच आला.

"ए बाई, काय करतेस? इम्पोर्टेड माल आहे तो! आपटून आपटून मागचं रबर फाटलं तर कोण भरून देणार?"

"साहेब, मयनोमयने पडून हायेत ते. आत काय बी आसल," बायडी म्हणाली.

"प्लॅस्टिक आहे गं ते, पेंढा नाही. प्लॅस्टिकमध्ये काय असणार?"

पाचसहा पावलांवर भाऊ उभे होते. बायडीने त्यांच्याकडे पाहिलं. खळ्यावरचा माणूस आहे, काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं असेल. भाऊ म्हणाले, "ठेकेदार सांगतंय तसा कर बाय. रविवारी पाव्हणं येनार हायेत."

बायडीने काठी जाळीला टेकवून ठेवली, डोक्यावरची चुंबळ काढून तिच्याजवळ ठेवली आणि रोलच्या पोकळीत हात घालून तो ओढला.

आतून कुकरची शिट्टी सुटावी तसा फुत्कार आला. बायडीने हात मागे घेतला तोवर मनगटाच्या वर दोन ठिपके उमटले होते. घोणस होती, चांगली मनगटाएवढी जाड. मजुरांनी ती तिथंच ठेचली. पण ठेचून काय उपयोग? पाच मिनिटांत बायडीचा हात कोपरापर्यंत सुजला. ती ओरडली नाही. खाली बसली आणि दात आवळून म्हणाली, "भाऊ, लय आग पडलीय."

भाऊंची पांढरी नवी गाडी अंगणात उभी होती. महिन्यापूर्वीच आलेली, सीटवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. ड्रायव्हर फडक्याने काच पुसत होता. अंजूरहून भिवंडीचा सरकारी दवाखाना वीस मिनिटांवर.

भाऊंची सून मृणाली स्वयंपाकघरातून धावत आली. "भाऊ, हिला आधी दवाखान्यात न्यायला हवं! मी जाते सोबत. गाडीची किल्ली द्या."

त्या क्षणी भाऊंच्या मनात काय काय आलं, ते त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं म्हणून कळलं. सरकारी दवाखान्यात नेलं की कागद होणार. कुठं चावला, कोणाच्या कामावर चावला, याची चौकशी होणार. पोलीस येतील, काम थांबेल, रविवारचा कार्यक्रम बोंबलेल. बाई ओकली तर सीट खराब होईल. हे सगळं मनात आलं, पण यातलं एकही अक्षर ते बोलले नाहीत. बोलायला लाज वाटली असती. त्याऐवजी त्यांना एक सोयीचं वाक्य सापडलं.

"आगं, तिचा नवरा भगत हाय! साप उतरवाचा काम त्याचाच. त्यांना आपला दवाखाना चालत न्हाय. टेंपोत घाला आन पाड्यावर सोरून या. जान्या बघील."

सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. मितेश म्हणाला, "हो का? मग बरंच झालं." घरचे गडी म्हणाले, भगत घरचाच म्हणजे काळजी नाही. माणसाला मरणाच्या दारात ढकलायला नेहमी दुष्ट माणसंच लागतात असं नाही, असं एक वाक्यही पुरतं!

मृणाली मात्र अडली. "अहो भाऊ, पण आपल्या पूर्वीच्या वेळी..."

ती काय सांगत होती? दोन वर्षांपूर्वी याच खळ्यावर, उडवीशेजारी खेळताना पूर्वीच्या पायाला साप चावला होता. सगळं घर "जान्याला बोलवा, मंतर टाकायला सांगा" म्हणून ओरडत होतं. जान्या शेतातून धावत आला. त्याने पोरीचा पाय पाहिला आणि भाऊंना म्हणाला, "मंतर मागशी बघू. पयली गाडी कारा." गाडी निघाली तेव्हा पूर्वीचा पाय हलू नये म्हणून मागच्या सीटवर तो मांडीत धरून कोण बसलं होतं? हीच बायडी. भिवंडीपर्यंत तिने पाय सोडला नव्हता. पूर्वी वाचली. घोट्यावर खूण तेवढी राहिली.

मृणालीला हे सांगायचं होतं. पण भाऊंनी हात वर केला. "तू आत जा. पाव्हन्यांचा बघ." आणि मृणाली आत गेली. सुनेने सासऱ्यापुढे किती बोलायचं याचं तिच्या घरातलं माप तिला पाठ होतं. आपल्यापैकी कितीजण असेच वाक्य अर्धं सोडून आत जातो, जरा आठवून बघा.

टेम्पोत गोणपाटावर बायडीला आडवं केलं. सोनल तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वज्रेश्वरीकडे जायचं तर भिवंडीतूनच जावं लागतं. अंजूरफाट्याला कंटेनरची रांग लागली होती, त्यात वीस मिनिटं गेली. भिवंडीत शिरल्यावर दवाखान्याचं वळण आलं. सोनलने पुढची काच ठोठावली.

"भैया, हितंच घ्या! दवाखाना हाय हितं! मावशीच्या हिरड्यांतना रगत येतंय!"

टेम्पोवाल्याने मागे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. पण हुकमाचा माणूस होता. "भाऊ ने पाडा बोला है बेटी. उधर तेरा मौसा झाड़-फूंक करेगा ना. मेरे को वापस जाके कुर्सी भी लाने का है."

टेम्पो वळणावरून सरळ पुढे गेला.

पाड्यावर पोहोचायला साडेबारा वाजून गेले. जान्या ताप अंगात घेऊनच बाहेर आला. त्याने बायकोचा हात पाहिला. खांद्यापर्यंत काळानिळा झाला होता. शेजारपाजारचे तांदूळ, नारळ, कोंबडा घेऊन जमले. भगताच्या घरात भगताच्याच बायकोला साप चावलेला, आता जान्या काय करतो ते बघायला पाड्यावरचं एकही माणूस घरात राहिलं नाही. जान्याने कोंबड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सोनल, कुठं चावला?"

"अंजूरला. भाऊच्या घरामागं."

"आन हितं आनली? भिवंडीवरना हितं आनली?" तो टेम्पोकडे धावला. पण टेम्पो कधीच वळून गेला होता, खुर्च्या आणायच्या होत्या ना!

जान्याने बायडीला पाठुंगळी घेतलं. पाड्यापासून सडक दीड मैल. सडकेवर पाऊण तासाने एक जीप थांबली. भिवंडीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत साडेतीन झाले होते.

डॉक्टरीण तरुण होती. सुई टोचता टोचताच तिने विचारलं, "कधी चावला?"

"साडेधाला."

"कुठे?"

"अंजूरला."

तिने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. "अंजूर? अहो, अंजूर तर इथून इतकं जवळ आहे. पाच तास कुठे होतात तुम्ही?"

जान्या भिंतीला टेकून खाली बसला.

शनिवारी बायडीची लघवी बंद झाली. तिला ठाण्याला हलवलं. इकडे अंजूरला शुक्रवारी दुपारीच बाकीचे रोल अंथरून झाले होते आणि ज्या जागेवर ती बसली होती तिथंही हिरवं गवत चिकटलं होतं. रविवारी पाहुणे आले. मंडप, स्पीकर, मटणाचे टोप, सगळं यथासांग झालं. भाऊंनी रॅकेटने पहिला चेंडू मारला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मृणालीने संध्याकाळी विचारलं, "भाऊ, बायडीचं काही कळलं का?" भाऊ म्हणाले, "नवरा हाय ना तिच्यापाशी."

मंगळवारी पहाटे बायडी गेली.

पूर्वी दोन दिवस जेवली नाही. घोट्यावरच्या खुणेवर बोट ठेवून बसून राहायची. घरात कोणी कोणाशी तो विषय काढत नव्हतं. भाऊ म्हणत, "तिचा तेवढाच आयुष्य." पण म्हणताना कोणाच्या डोळ्याकडे बघत नसत.

बाराव्या-तेराव्या दिवशी सकाळी जान्या आला. पुढच्या दाराने नाही, मागच्या बाजूने, एके काळी खळ्यावर यायचा तसाच. भाऊ परसात खुर्ची टाकून बसले होते. त्याला पाहून ते गडबडीने उठले.

"ये जान्या, ये. बस. लय वाईट झाला रं. तुला काय लागंल ता सांग. माझ्याकडना जा व्हईल ता..."

"काय नको भाऊ. बायडीच्या वस्तू राह्यल्यात त्या न्याला आलोय."

चुंबळ आणि काठी अजून जाळीला टेकलेली होती. रविवारच्या सगळ्या थाटामाटात त्यांना कोणी हात लावला नव्हता. जान्याने चुंबळ उचलली, झटकली आणि खांद्यावर टाकली. भाऊंना राहवलं नाही.

"जान्या, माझा काय चुकला सांग. मी तं तिला तुझ्याकडंच पाठवली. तू भगत. मना वाटला तू उतरवशील."

जान्या बोलायला लागला, आवाज न चढवता.

"मी भगत हाय ह्या खरा. पोर रातचा दचकला, कोनाला नजर झाली, तं मी अंगारा लावीन, कोंबरा ववालीन. पन ईख उतरवाचा मंतर माझ्याकडं न्हाय. माझ्या बापाकडं बी नव्हता. बिनईखाचा साप चावला तो मानूस जगं, लोका म्हनत भगतानी जगवला. ईखाचा चावला तो मरं, लोका म्हनत नशीब. बाप मरताना मना सांगून गेला, जान्या, साप चावला का मोटारीच्या मागं पल. ह्या मी कोनापासना लपवला न्हाय भाऊ. तुमाला बी सांगितला. ह्याच खल्यावर सांगितला."

"मना... मना आठवला न्हाय रं तवा."

"आठवला न्हाय, का आठवाचा नव्हता?"

मागच्या दारात मृणाली आणि पूर्वी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुमच्या पूर्वीला चावला तवा तुमी मंतर मांगत व्हतात आन मी गाडी मांगली," जान्या म्हणाला. आता मात्र त्याचा आवाज फाटला. "माझ्या बायडीला चावला तवा गाडी तुमच्या दारात उभी व्हती भाऊ! नातीला गाडी, आन माझ्या बायकोला मंतर! आज परत पूर्वीला चावला तं आनाल काय तिला माझ्या पाड्यावर? बोला की! आनाल?"

भाऊ मटकन खाली बसले, त्या प्लॅस्टिकच्या गवतावरच. इतके दिवस कोंडून ठेवलेलं सगळं त्या एका प्रश्नाने बाहेर आलं. पोलिसांची भीती, सीटचं प्लॅस्टिक, रविवारचे पाहुणे, सगळं त्यांनी सुनेसमोर, नातीसमोर, जान्यासमोर बोलून टाकलं. "मीच मारली रं तिला," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. मृणालीही रडत होती. "मी त्या दिवशी आत गेले," एवढंच ती परत परत म्हणत होती.

जान्याने त्यांना उठवलं नाही, समजावलंही नाही. तेवढं मन मोठं करायची सक्ती त्याच्यावर का असावी? जाताना तो एवढंच म्हणाला, "एकच मागना हाय भाऊ. माझा नाव घेऊन परत कोनाला माघारी पाठवू नका."

आणि काठी? ती त्याने नेली नाही. मागच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "ही तुमच्या कामाची हाय."

त्याच दुपारी भाऊंनी गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक ओरबाडून काढलं. मागच्या दाराशी एक खिळा ठोकला आणि गाडीची किल्ली तिथं टांगली. दुसऱ्या दिवशी ते राहनाळला गेले, तिन्ही गोदामांतल्या मुकादमांना आणि हमालांना त्यांनी एकत्र बोलावलं आणि बायडीची सगळी हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगितली, आपला भाग न वगळता. "साप चावू दे, हात सापरू दे, कोन वरना पडू दे," ते म्हणाले, "आधी दवाखाना. इचारू नका, फोन करू नका, मिलंल ती गाडी घेऊन जावा. माझी पायजे तं किल्ली घराच्या मागल्या दाराशी खिल्याला हाय."

जान्या पुन्हा अंजूरला कामाला आला नाही. त्यानं यावं, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार भाऊंना नव्हताच.

वाचकहो, आपण सुशिक्षित माणसं अंधश्रद्धेवर तावातावाने बोलतो. पण भाऊंचा मंत्रावर विश्वास कुठं होता? स्वतःच्या नातीसाठी त्यांनी दवाखानाच गाठला होता. दुसऱ्याच्या जिवासाठी मात्र त्यांना मंत्र पुरेसा वाटला. "त्यांना असंच चालतं", "त्यांना सवय असते", "त्यांचं त्यांच्यात बघतील" ही वाक्यं आपल्याही घरात, कामावर रोज बोलली जातात. कामवाल्या बाईच्या तापाबद्दल, गटारात उतरणाऱ्याच्या हातांबद्दल, लूमवर दोन शिफ्ट उभ्या राहणाऱ्याच्या पायांबद्दल. असं वाक्य ओठावर आलं की स्वतःला एकच विचारा: माझ्या लेकराला हे चाललं असतं का? नसेल, तर ते दुसऱ्याच्याही लेकराला चालत नाही.

पुढच्या भाद्रपदात राहनाळच्या गोदामात चिंधू नावाच्या हमालाला साप चावला. भाऊ तेव्हा तिथंच होते. चिंधू कळवळून म्हणाला, "भाऊ, गाडी खराब व्हईल." भाऊंनी त्याला मागच्या सीटवर घेतलं आणि त्याचा चिखलाने भरलेला पाय आपल्या मांडीत घट्ट धरला, बायडीने पूर्वीचा धरला होता तसा. गाडी भिवंडीत शिरली आणि त्या वळणावर आत वळली.

दवाखान्यात तीच डॉक्टरीण होती. "कधी चावला?" तिने विचारलं.

"वीस मिन्टां झाली," भाऊ म्हणाले.

"बरं झालं, वेळेत आणलंत."

भाऊ बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. चिंधू वाचणार होता. भाऊंनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून येत राहिले. वीस मिनिटांत इथं पोहोचता येतं, हे त्यांना बायडीच्या वेळीही माहीत होतं.